सात ओढ्यांचे चढाव

वेंडेल ग्रे ग्रासनं आयुष्यात एकदाच एका कागदावर न वाचता सही केली, आणि तो कागद नेमका शाळेचा निघाला.

खरं तर कागद वाचणं हाच त्याचा धंदा होता. अमेरिकेच्या सरकारनं आम्हा लाकोटांसाठी राखून ठेवलेल्या मुलखात, म्हणजे आमच्या रिझर्वेशनवर, हॉर्स रिब ओढ्याच्या काठी जी जमीन कचेरी आहे, तिथल्या खिडकीमागे तो एकवीस वर्षं बसत होता. कुणाची जमीन, कुणाला चराईला दिली, वारस किती, ते एकमेकांशी बोलतात का, हे सगळं त्याच्या कपाटात होतं. खिडकीशी आलेल्या माणसाला तो चष्म्यावरून विचारायचा, "मागची बाजू वाचलीत का?" माणूस कबूल करायचा की नाही वाचली. मग वेंडेल मृदू आवाजात सांगायचा, "मंगळवारी या." अख्ख्या रिझर्वेशनवर मंगळवारला लोक वेंडेलवार म्हणत.

आता अशा माणसाच्या हातून हे झालं कसं? तर त्या कचेरीला दुसरीही एक खिडकी होती. ती गवताकडे उघडायची. तिच्यातून पार बॅडलँड्सच्या उजाड टेकड्यांच्या कडेपर्यंत गवतच गवत दिसायचं, त्यावरून वारा चालत जायचा, आणि वेंडेलचं मन वाऱ्याबरोबर निघायचं ते कुठे कुठे हिंडून संध्याकाळी परत यायचं. त्याची बायको इव्हॉन म्हणायची, "आमचे हे घरी येतात साडेपाचला, पण पोचतात सातला." इव्हॉन जाऊन दोन हिवाळे झाले होते. आता वेंडेल पोचायचा कधी, हे बघायला घरात फक्त अकरा वर्षांची डेल्फीन होती.

मार्चमधल्या एका सकाळी डेल्फीननं कॉफीच्या पेल्याशेजारी कागद ठेवला. "बाबा, सही."

स्वयंपाकघराच्या खिडकीत त्या वेळी एक ढग आला होता. आडव्या पडलेल्या घोड्यासारखा. घोडा हळूहळू उठत होता. वेंडेलनं त्याच्याकडे बघत बघत एका चौकोनात खूण केली, खाली सही ठोकली. तेवढ्यात घोडा उठला आणि डेल्फीन शाळेला पळाली.

संध्याकाळी तिनं नक्कल दाखवली. सहावीच्या बाई नव्या होत्या, मिनेसोटाहून आलेल्या, फार उत्साही. कागदावर छापलं होतं, 'पारंपरिक सू वेशभूषा प्रकल्प'. त्यातलं 'सू' खोडून डेल्फीननं 'लाकोटा' केलं होतं, कारण सू हे नाव बाहेरच्यांनी ठेवलेलं, आणि 'वेशभूषा' खोडून 'पोशाख', कारण वेशभूषा हॅलोविनला करतात. खाली तीन पर्याय होते. पहिला, पुठ्ठ्याची प्रतिकृती. दुसरा, रंगीत चित्र. तिसरा, घरातल्या माणसांनी घरच्या रीतीप्रमाणे स्वतःच्या हातांनी केलेला खरा पोशाख, मुलीनं तो मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळेच्या वाचिपीत, म्हणजे नाचाच्या मेळ्यात, घालायचा. खूण तिसऱ्यावर होती.

"हे मी केलं?"

"मागची बाजू वाचलीत का?" डेल्फीननं विचारलं. चष्मा नव्हता, तरी तिनं चष्म्यावरून बघितलं.

झगा आणि शाल यांचं तसं ओझं नव्हतं. शाळेच्या मशीनवर डेल्फीन स्वतः शिवणार होती, शालीच्या झालरीचे दोरे ती बसमध्येसुद्धा बांधत होती. उरले पायातले चढाव, म्हणजे हरणाच्या कातड्याचे मऊ जोडे.

"मणी लावू की," वेंडेल म्हणाला. "मणी लावलेले चढाव छान दिसतात."

"मणी सगळेच लावतात. आपल्या घरात काट्यांचं काम करतात. आई करायची. आजी करते."

इथेच वेंडेलचं घोडं अडलं. कारण साळिंदराचे बोटभर, बारीक काटे रंगवून, चपटे करून, हरणाच्या कातड्यावर त्यांची नक्षी शिवण्यात अख्ख्या रिझर्वेशनवर जिचा हात कुणी धरू शकत नव्हतं, ती फिलोमीन टू लान्स ही वेंडेलची सासू होती. आणि आमच्यात जावई सासूशी बोलत नाही.

भांडण म्हणून नव्हे हो, मान म्हणून. जावयानं सासूच्या तोंडाकडे बघायचं नाही, सासूनं जावयाशी थेट शब्द काढायचा नाही, एका खोलीत आले तर एकानं वाट काढून निघून जायचं. हल्ली पुष्कळ घरांतून हे सैल झालंय, पण फिलोमीन सैल होणाऱ्यांपैकी नव्हती, आणि वेंडेल ज्या नियमाची मागची बाजूही वाचतो तो मोडणाऱ्यांपैकी नव्हता. इव्हॉन होती तोवर अडचण नव्हती. ती मधे उभी राहून इकडचं तिकडे करायची, दोन्हीकडचं तिखट वाटेत कमी करायची. ती गेली आणि मधली वाटच गेली. दोन वर्षांत वेंडेलनं सासूच्या दारात न सांगता फोडलेली लाकडं रचली होती, सासूनं त्याच्या ट्रकच्या नाकावर सुक्या मांसाच्या रश्शाची पातेली ठेवली होती. वाक्य मात्र एकही झालं नव्हतं.

डेल्फीन दर रविवारी आजीकडे जायची. वेंडेलनं तिला निरोप पढवला. "म्हणावं, काट्यांचं काम शिकायची इच्छा आहे, कृपा करून सुरुवात कशी करायची ते सांगावं. अगदी असंच सांग."

डेल्फीननं सांगितलं, "आजी, बाबांना काही येत नाही." आणि उत्तर आणलं ते असं, "आजी म्हणाली, आधी डेल्फीनला आठवडाभर रोज वोजापी करून घाला, मग सुचेल."

वेंडेलनं चार दिवस बेरी शिजवून घट्ट गोड वोजापी केली. पाचव्या दिवशी त्याला शंका आली. निरोप्याच्या अंगी प्रामाणिकपणा हवा, हे त्याला पटलं, पण उशिरा. तोवर आजीलाही नातीच्या पत्रकारितेचा पत्ता लागला होता, आणि ती काही बोलायच्या आत तिच्या बहिणीचं कमरेचं हाड मोडलं. फिलोमीन तिच्याकडे नव्वद मैल दक्षिणेला निघून गेली. तिथे फोन नव्हता. रेडिओ होता.

त्याच आठवड्यात वेंडेलला स्वप्न पडलं.

ते पडलं कचेरीत, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, खुर्चीत. गवत होतं, पण निळसर. त्यातून सात ओढे शेजारी शेजारी वाहत होते, अगदी बारीक, बोटाएवढे, आणि प्रत्येक ओढा एका जागी जरा वळून मग पुन्हा सरळ होत होता, चालता चालता कुणी मागे वळून बघावं तसा. पाण्याचा आवाज नव्हता. इव्हॉन पलीकडच्या काठावर बसून पाय बुडवत होती. ती काही बोलली नाही. तिच्या गालात काहीतरी होतं, गोळी चघळावी तसं. जाग आली तेव्हा वेंडेलला समजलं की काट्यांची नक्षी आहे ही, आणि हाताला आला त्या कागदाच्या पाठीवर त्यानं ती काढून ठेवली. मग खिडकीबाहेर कुंपणाच्या खांबावर बसलेला पिवळ्या छातीचा मेडोलार्क गायला लागला. हा पक्षी लाकोटा बोलतो हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. वेंडेलला स्पष्ट ऐकू आलं, 'मागची बाजू, मागची बाजू.'

त्यानं ते मनावर घेतलं नाही. दुपारच्या टपालात तो कागद निघून गेला. तो नेब्रास्कातल्या एका गुरंवाल्याचा चराईचा करार होता, आणि तो वरच्या कचेरीत मंजुरीसाठी चालला होता.

दोन आठवड्यांनी वरच्या कचेरीचं पत्र आलं. सदर कराराच्या मागील बाजूस दर्शवलेल्या सात ओढ्यांची नोंद आमच्या नकाशात आढळत नाही. तरी ते केव्हापासून वाहतात, त्यांच्या पाण्यावर कुणाचा हक्क आहे, आणि त्यांची नोंद आजवर का केली गेली नाही, याचा खुलासा करावा.

वेंडेलनं नम्रपणे कळवलं की तो नकाशा नाही, नक्षी आहे, आणि ती परत मिळावी. उत्तर आलं की मूळ कागद प्रकरणात लागला असल्यानं परत देता येत नाही, नक्कल हवी असल्यास अर्ज करावा. वेंडेल ग्रे ग्रासनं अर्ज केला. आयुष्यात पहिल्यांदा तो खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभा होता, आणि तिकडून हवा वेगळीच लागते हे त्याला कळलं. प्रमाणित नक्कल आली तेव्हा तिच्या बरोब्बर मध्यावर वरच्या कचेरीचा गोल काळा शिक्का बसला होता. चौथा ओढा त्या शिक्क्याखाली गडप झाला होता.

इकडे चढावांचं काही हललं नव्हतं. हताश होऊन वेंडेल रेडिओकडे वळला. आमच्या रेडिओवर रोज चार वाजता निरोप वाचतात. कुणाची गाय सापडली, कुणाला गाडीतून शहराकडे जागा हवीय, असलं. मेल्विन नावाचा एक जाड आवाजाचा माणूस ते वाचायचा, आणि आपल्याकडचं थोडं घालून वाचायचा. वेंडेलनं चिठ्ठी तीनदा लिहून काढली.

"आता एक निरोप," मेल्विन म्हणाला, "श्रीमती फिलोमीन टू लान्स यांच्यासाठी. पाठवणार, त्यांच्या नातीचे वडील. अरे वा! तर नातीचे वडील आदरपूर्वक विचारतात, काटे चपटे करायचे ते दातांनी की चमच्यानं? हा वेंडेलच आहे बरं का मंडळी. जमीन कचेरीतला. मंगळवारवाला."

दुसऱ्या दिवशी चार वाजता गायींना वेळच उरला नाही. पूर्वेकडच्या एका बाईंनी कळवलं, चमच्यानं. एका म्हाताऱ्यांनी कळवलं की त्यांची आई दातांनी करायची आणि चौऱ्याण्णवाव्या वर्षी सगळ्या दातांनिशी गेली. दोघी चुलत बहिणींत यावरून जुनं काही उकरलं गेलं आणि मेल्विनला मधे गाणं लावावं लागलं. किराणा दुकानात लोक वेंडेलला थांबवून तोंड उघडून दात दाखवू लागले. कचेरीत फायलीच्या कामाला आलेला माणूस आधी चमचा काढायचा.

सासूचं उत्तर आलं गुरुवारी. तिनं कुठल्याशा दुकानातून फोन करून ते लिहवलं होतं.

"नातीच्या वडिलांना निरोप," मेल्विन म्हणाला. "आधी काटे आहेत का?"

काटे नव्हते.

आता इथे ऑर्विल टू लान्सला आत घ्यायला हवं. ऑर्विल म्हणजे इव्हॉनचा थोरला भाऊ, फिलोमीनचा मुलगा, रिझर्वेशनचा शिकारखात्याचा गार्ड. सासूशी बोलायचं नाही हा जसा आमच्यात मान, तसं मेहुण्यांनी एकमेकांची यथेच्छ टर उडवायची हाही मानच. ऑर्विल या बाबतीत फार मानी होता.

"काय दाजी, शिवणकाम शिकताय म्हणे. उद्या मला परकराचं माप द्यायला येऊ का?"

"काटे कुठे मिळतील ते सांग."

"सोप्पंय. साळिंदराला मारायचं नाही. जाडसं ब्लँकेट घ्यायचं, त्याच्या पाठीवर टाकायचं, चापटी मारायची, उचलायचं. काटे ब्लँकेटला. साळिंदर आपल्या वाटेनं, तुम्ही तुमच्या. दोघांचीही अब्रू शाबूत."

शनिवारी सकाळी वेंडेल आणि डेल्फीन ब्लँकेट घेऊन ओढ्याकाठच्या कॉटनवूडच्या झाडांत गेले. साळिंदर सापडलं, पण आमच्याकडची साळिंदरं झाडावर चढतात, आणि हेही झाडावर होतं. जमिनीपासून दोन माणसं उंच, फांदीच्या बेचक्यात, डोळे मिटून बसलेलं, बहुधा वेंडेलसारखाच गवताकडे बघता बघता डोळा लागलेलं.

"खाली येईल थोड्या वेळानं," वेंडेल म्हणाला. दोघं झाडाखाली बसले. ऊन मऊ होतं. ओढ्यातलं बर्फ फुटून वाहत होतं, त्याचा किणकिण आवाज येत होता, आणि वेंडेलला वाटलं, आपण असेच संध्याकाळपर्यंत बसलो तरी चालेल, वर ते, खाली आम्ही, कुणाला कुणाची घाई नाही. तासाभरानं डेल्फीन म्हणाली, "बाबा, पोचलात का?"

मग वेंडेल झाडावर चढला. खांद्यावर ब्लँकेट, दातांत टोपी. वर जाऊन त्यानं ब्लँकेट टाकलं, ते साळिंदराच्या जागी फांदीवर पडलं. साळिंदरानं शांतपणे पाठ फिरवली, एवढं त्याच्या लक्षात आलं. पुढचं त्याला नीट सांगता येत नाही. तो खाली आला, ब्लँकेट खाली आलं, आणि वेंडेल ओणवा होऊन उठतोय तोच साळिंदरही घसरत ब्लँकेटवर आलं आणि जाता जाता त्यानं शेपटीची एकच फटकार मागच्या बाजूला दिली. वेंडेलच्या मागच्या बाजूला.

तेवढ्यात ऑर्विल गस्तीची गाडी घेऊन आला. त्यानं गाडीतून उतरायच्या आधी वही काढली.

"इसमाचं नाव? दाजी, नीट उभे राहा. जनावर जखमी आहे का?"

"जनावर ठीक आहे," वेंडेल मोठ्या मानानं म्हणाला. "इसम जखमी आहे."

दवाखान्यात त्याला पालथं झोपवून परिचारिकेनं एकेक काटा चिमट्यानं काढला. ती तो कचऱ्यात टाकणार तोच पडद्याआडून डेल्फीनचा आवाज आला, "फेकू नका हो! लागणारेत!" आणि तिनं पुढे बशी धरली. काटे चांगले निघाले, लांब, पांढरे, टोकाला काळे. ब्लँकेटलाही पुष्कळ लागले होते. त्या दिवशी चार वाजता मेल्विननं वाचलं, "श्रीमती टू लान्स यांना निरोप, काटे मिळाले." ऑर्विलनं फोन करून पुढची ओळ स्वतः घातली होती, "कुठून, ते भेटीत सांगतो."

यानंतर वेंडेलनं विचारायचा होता तो खरा प्रश्न विचारला. काट्यांचं काम आमच्यात बायकांचं. ते शिकवायला कुणी लागतं, आणि नक्षी बहुतेक स्वप्नातच येते. त्यानं लिहिलं, 'नातीच्या वडिलांना झोपेत नक्षी दिसली आहे. सात ओढे आहेत. पुरुषानं हात लावला तर चालेल का?' मेल्विननं हा निरोप मात्र नुसता वाचला. आपल्याकडचं काही घातलं नाही.

एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. वेंडेल खिडकीबाहेर बघायचा पण त्याचं मन वाऱ्याबरोबर जाईना, रेडिओपाशीच घोटाळायचं. त्यानं एका माणसाला चुकून सोमवारी बोलावलं. पाचव्या दिवशी उत्तर आलं.

"ज्याला स्वप्न पडलं त्यानं हात लावायचा. तक्रार असली तर ज्यानं स्वप्न पाठवलं त्याच्याकडे करायची. काटे तोंडात भिजवायचे, आणि तोंडात असताना बोलायचं नाही."

वेंडेलनं ते कागदावर उतरवून शर्टाच्या खिशात ठेवलं. दोन वर्षांत त्याला सासूकडून मिळालेलं ते सर्वांत लांब वाक्य होतं.

मग काम सुरू झालं. डेल्फीननं काटे लांबीप्रमाणे वेगळे केले, तळव्याचं जाड कातडं कापलं, शिवलं. रंगवायचं काम वेंडेलनं केलं. त्यानं निळ्या रंगाची पुडी आणली, काट्यांच्या पातेल्यात घातली, आणि डेल्फीन 'जपून' म्हणतेय तोवर त्याच्या हातून ते पातेलं कपडे भिजवलेल्या टबात कलंडलं. कचेरीचे सगळे शर्ट आकाशी झाले. काटेही झाले, पण त्यांना नीट धुवायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते विचारण्याइतकी त्याची रेडिओवर तोंड दाखवायची हिंमत उरली नव्हती.

सोमवारी जमीन समितीची सभा होती. अध्यक्षबाई म्हणाल्या, "वेंडेल, अहवाल वाचा." वेंडेल आकाशी शर्ट घालून उठला, तोंड उघडलं, आणि लोक पुढे झुकून बघू लागले. त्याची जीभ निळी होती. ओठ निळे होते. दातसुद्धा.

"वेंडेल, तब्येत बरी आहे ना?"

वेंडेलनं ओठ मिटले, अहवाल अध्यक्षबाईंपुढे ठेवला आणि खाली बसला. सभेच्या टिपणात नोंद आहे, 'श्री. ग्रे ग्रास यांनी या विषयावर मौन पाळले.'

वरच्या कचेरीचं तिसरं पत्र याच सुमारास आलं. सात ओढ्यांची छायाचित्रं जोडावीत. वेंडेल आता फार थकला होता. त्यानं खरं तेच लिहून टाकलं, 'सदर ओढे निम्नस्वाक्षरीकाराने दुपारी दीड ते पावणेदोन या वेळेत झोपेत पाहिले. छायाचित्र घेता आले नाही.' त्यावर काही उत्तर आलं नाही. ते प्रकरण तिथे अजून विचाराधीन आहे म्हणतात.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक चढाव अर्ध्यावर आला होता. पहिल्या तीन ओळी बऱ्या होत्या. चौथी ओळ म्हणजे शिक्क्याखालचा ओढा. त्याचं वळण कुठे होतं हे वेंडेलला आठवेना. त्यानं डोळे मिटून बघितलं, दुपारच्या सुट्टीत पुन्हा झोपून बघितलं, पण स्वप्न काही नक्कल द्यायला तयार नव्हतं. शेवटी अंदाजानं शिवलं. ओळ भलत्याच ठिकाणी वळली आणि सरळ व्हायची विसरून जरा भरकटली. दुसऱ्या चढावाला तर हातच लागला नव्हता. शनिवार चार दिवसांवर होता.

मंगळवारी तो कचेरीतून लवकर घरी आला. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. खिडकीकडे तोंड, दाराकडे पाठ करून खुर्चीत फिलोमीन टू लान्स बसली होती, शाल डोक्यावरून ओढून. टेबलावर कोरा दुसरा चढाव होता.

वेंडेल उंबऱ्यात थांबला. रीत सांगत होती, निघून जा. डेल्फीन दोघांच्या मधे उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आज एकही बनवलेला निरोप नव्हता.

"आजीला आज ऑर्विल मामानं आणून सोडलं," ती एवढंच म्हणाली.

फिलोमीननं बशीतून पाच-सहा काटे उचलले आणि तोंडात ठेवले. गाल फुगला. वेंडेलला एकदम उमगलं. तोंडात काटे असले की बोलायचं नसतं. बोलायचंच नसेल तर रीत मोडतच नाही. त्यानं दुसरी खुर्ची उचलली, तिच्या पाठीकडे पाठ करून, हातभर अंतरावर ठेवली, भिंतीकडे तोंड करून बसला, आणि आपल्या गालात काटे भरले.

तीन दुपारी ती दोघं अशी बसली. बाहेर गवत हिरवं होत होतं. एखादा काटा दातांतून ओढून चपटा केल्याचा बारीक आवाज यायचा, एकदा इकडून, एकदा तिकडून. सुई कातड्यातून जायची. उन्हाचा चौकोन जमिनीवरून सरकत एकाच्या पायावरून दुसरीच्या पायावर जायचा. वेंडेलला वाटायचं, खोली सावकाश वाहतेय, आणि आपण तिघं काठाकाठानं बसलोय, किंवा चौघं. डेल्फीन मधून मधून त्याचा चढाव आजीला नेऊन दाखवायची आणि परत आणायची. त्याला कुणी काही सांगितलं नाही, पण परत आलेल्या चढावावर एखादा टाका घट्ट झालेला असायचा, त्यावरून त्याला पुढचा कसा घालायचा ते समजायचं.

चौथ्या ओळीची मात्र त्याला लाज वाटत होती. शुक्रवारी तो मुद्दाम लाकडं आणायला बाहेर गेला आणि मुद्दाम हळू आला. ती ओळ उसवायची असली तर तिला संकोच नको. परत आला तेव्हा खुर्ची रिकामी होती. दोन्ही चढाव घेऊन फिलोमीन गेली होती.

'उसवणार,' वेंडेल स्वतःशी म्हणाला. 'सगळंच उसवेल. तिचा हात, तिचं नाव. उसवायलाच हवं.' तरी त्याला रात्रीचं जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी ट्रकच्या नाकावर पिठाच्या पोत्याच्या धुवट कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यानं उघडलं. जोडी तयार होती. सात निळे ओढे या पायावर, सात त्या पायावर. त्यानं आपला चढाव कोणता ते शोधलं, आणि त्याला सापडेना. दोन्हींवर चौथी ओळ भलत्याच ठिकाणी वळली होती, दोन्हींवर सारखीच भरकटली होती, टाक्याला टाका. शेवटी अंगठ्यानं चाचपल्यावर एकाच्या टाचेशी गाठ लागली, तेव्हा कळलं की तो त्याचा. दुसरा फिलोमीन टू लान्सचा. साठ वर्षांत जिची एक ओळ कधी वाकडी गेली नव्हती, तिनं बसून, मोजून, त्याची चूक काट्याला काटा उतरवून काढली होती.

"बाबा, उशीर होतोय," डेल्फीन म्हणाली. मग तिनं त्याच्याकडे बघितलं आणि ती ट्रकमध्ये जाऊन बसली.

शाळेमागच्या मैदानात ढोल सुरू झाले होते. तळलेल्या भाकरीचा वास, पोरांची पळापळ, मेल्विनचा आवाज भोंग्यातून. मिनेसोटाच्या बाई ज्याच्या त्याच्याशी हात मिळवत हिंडत होत्या. मुलींचा नाच आला. डेल्फीन संथ नाचणाऱ्यांत होती. पाय जमिनीवरून सुटतात न सुटतात असं चालायचं, अंग ताठ, आणि हातावरची शाल फक्त झुलायची. झालरीचे दोरे गवतासारखे एका बाजूला जायचे, परत यायचे. खाली ते निळे ओढे वळत वळत जात होते, आणि वेंडेलला क्षणभर वाटलं की आपण झोपलो तर नाही ना.

तो बाकांच्या पहिल्या ओळीत बसला होता, तोंड मैदानाकडे. फिलोमीन कुठेतरी मागे तीन ओळी वर होती. हे त्याला बघावं लागलं नाही, माहीतच होतं.

नाच संपल्यावर डेल्फीन आजीकडे धावत गेली, आणि म्हाताऱ्या बायका चढाव बघायला गोळा झाल्या. त्यांच्यात बर्निस होती. बर्निसला दुसऱ्याच्या कामातली चूक मैलावरून दिसते. ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली.

"फिलोमीन! डोळे गेले का गं तुझे? ही मधली ओळ बघ. वाकडी गेलीय. अगं बाई, दोन्हींवर!"

सगळ्या वाकून बघू लागल्या. ढोलवाले मधल्या वेळात पाणी पीत होते. वेंडेलनं मान खाली घातली.

फिलोमीन टू लान्स बर्निसकडे बघून बोलली, पण तीन ओळी खाली बसलेल्याला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"वाकडी नाही ती. आमच्या घरात ही ओळ अशीच घालतात."

वेंडेल वळला नाही. वळायची रीत नव्हती. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, आणि तो नुसता बसून राहिला.